शिंगाला शिंग

मुखेडच्या दशरथेश्वराला जायचं तर सकाळी लवकर जावं. उन्हं तिरपी असतात तोवर भिंतीवरची एकेक मूर्ती दगडातून सुटी होऊन पुढे येते. ऊन डोक्यावर आलं की सगळी भिंत एकसारखी दिसायला लागते आणि कारागिराचं निम्मं काम डोळ्यांआड जातं. देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. ती कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. नांदेड जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला लातूर आणि बीदर दोन्ही खेटून आहेत, देगलूरच्या पलीकडे तेलंगण लागतं. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा होता, त्यामुळे बाजारात आजही मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच व्यवहारात कानावर पडतात.

देवळाच्या बाहेरच्या अंगाला मातृका आहेत, आणि त्या नाचताहेत. सप्तमातृका बहुतेक ठिकाणी एका ओळीत, मांडीवर किंवा शेजारी मूल घेऊन बसलेल्या दिसतात. मुखेडच्या मातृका उभ्या आहेत, अंगात लय घेऊन. मराठवाड्यातल्या देवळांचा आणि मूर्तींचा डॉ. गो. बं. देगलूरकरांनी जो अभ्यास केला, त्यामुळे या आडवाटेच्या देवळांकडे बघायची नजर आपल्याला मिळाली. त्या नजरेनं बघत मी भिंतीशी बराच वेळ उभा होतो.

आलो होतो मात्र मनात वेगळंच चित्र घेऊन. यूजीन देलाक्र्वा या फ्रेंच चित्रकाराचं ‘सिंहाची शिकार’. युरोपच्या कलेत ज्यांना रोमँटिक म्हणतात, त्या पिढीचा हा सर्वांत मोठा चित्रकार. 1854 साली फ्रान्सच्या सरकारनं त्याला एका मोठ्या चित्राचं काम दिलं आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते लागलं. घोडे, माणसं, सिंह, पंजे, भाले, सगळं एकमेकांत असं गुंतलेलं की कुठला पाय कुणाचा हे शोधत बसावं लागतं. काही टीकाकारांनी नेमकी याचीच तक्रार केली. पुढे ते बोर्डोच्या संग्रहालयात गेलं आणि 1870 च्या आगीत त्याचा वरचा भाग जळाला. उरलं ते खालचं: फाकलेले जबडे, कोसळलेले घोडे, जमिनीवरची झटापट. मी ते छापील पानांवरच पाहिलं आहे, पण अनेक वर्षं ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. जनावरांच्या झुंजीत माणसाला इतकं काय दिसतं, हे मला आपल्या मातीत शोधायचं होतं. म्हणून ही वाट धरली.

देवळाच्या भिंतीवर मी झुंज शोधत होतो आणि सापडत होता तह. मातृकांची वाहनं शास्त्रात ठरलेली आहेत. माहेश्वरीचा बैल, ऐंद्रीचा हत्ती, कौमारीचा मोर, वाराहीचा रेडा, वैष्णवीचा गरुड. रानात जी एकमेकांच्या वाटेला जाणार नाहीत किंवा जिवावर उठतील, ती सगळी एका ओळीत आपापल्या देवीशी. आत ज्या देवाची पिंड आहे त्याच्या घरी तर हे आणखी स्पष्ट. त्याचा बैल आणि पार्वतीचा सिंह, गळ्यातला नाग आणि मुलाचा मोर, दुसऱ्या मुलाचा उंदीर. कुणी कुणाला खात नाही.

एक म्हातारे गृहस्थ बेलाची पानं निवडत बसले होते. मला भिंतीला नाक लावून फिरताना बघून म्हणाले, “काय हुडकायलाव, सर?”

“जनावरांची झुंज कोरलीय का कुठं, ते बघतोय, मामा.”

“देवाच्या दारात कशाला झुंज? झुंज बघायची असंल तर बाऱ्हाळीच्या रस्त्यानं जावा. आमच्या भावकीतल्याचा वळू सुटतो रोज, अन् पलीकडच्या वस्तीवरचा लाल त्येची वाटच बघत ऱ्हातो.”

म्हटलं, चला. मामाही आले, रानाकडे जायचंच होतं त्यांना.

दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघालेल्या रानात हरभरा वर आला होता, तूर पिवळी होऊन बांधाबांधानं उभी होती. बालाघाटाचा हा माळ, कुठे खडक वर आलेला, कुठे ढोपरभर काळी माती. मामा वाटेनं जनावरांची माहिती सांगत होते. लाल कंधारी ही या भागाची जात, नावातच गाव आहे. तांबडी, काटक, उन्हातान्हाला न डरणारी. दुसरी देवणी, लातूर जिल्ह्यातल्या देवणीची. तिच्यात पुन्हा रंगावरून वानेरा, बाळंक्या, शेवरा असे प्रकार. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. मामांच्या भावकीतला वळू वानेरा होता. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत त्याला न्यायचा बेत होता, म्हणून शिंगं साळून ठेवलेली.

आम्ही पोचलो तेव्हा दोघं समोरासमोर आलेच होते. आधी बराच वेळ काहीच झालं नाही. लालनं पुढच्या पायानं माती उकरून पाठीवर उडवली. वानेऱ्यानं मान तिरपी करून डुरकी फोडली, आणि दोघं एकमेकांकडे सरळ न बघता, अंगाची बाजू दाखवत, हळूहळू गोल फिरू लागले. जणू प्रत्येक जण आपली उंची आणि वशिंड समोरच्याला नीट बघू देत होता. मग एकदम माना खाली गेल्या. ओल्या उखळात मुसळ आदळावं तसा आवाज आला. कपाळाला कपाळ भिडलं.

मी शिंगं खुपसली जातील असं धरून होतो. तसं होत नव्हतं. शिंगांचं काम अडकवून धरायचं, पिरगाळायचं; खरा जोर कपाळाचा आणि त्याहून जास्त मागच्या पायांचा. वानेऱ्याची मागची खुरं काळ्या मातीत रुतून तिथे दोन चर पडले होते. वशिंड एका अंगाला कललं होतं, गळ्याची पोळी थरथरत होती, नाकपुड्यांतून निघालेल्या वाफेनं समोरच्याच्या तोंडावरची धूळ उडत होती. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. ढकलाढकल थांबायची, दोघं तसेच भिडलेले उभे राहायचे, बरगड्या भात्यासारख्या नव्हे, उलट फार हळू वरखाली व्हायच्या. आणि मग पुन्हा जोर.

“लाल पळणार,” मामा म्हणाले.

“कशावरून?” मला तर लालच पुढे सरकताना दिसत होता.

“कान बघा की त्येचं. अन् शेपूट. पुढं सरकलाय खरं, पर मन मागं फिरलंय.”

वस्तीवरचा पोरगा पाण्याची बादली घेऊन धावत आला, दुसरा काठी घेऊन. त्यांची गरज पडली नाही. लालनं मान झटकली, एका क्षणात अंग फिरवलं आणि तुरीतून पळत सुटला. वानेरा चार उड्या त्याच्या मागे गेला, थांबला, आणि बांधाचं गवत खायला लागला. लालच्या फऱ्यावर एक ओरखडा उठला होता, तेवढंच. मामा म्हणाले, आम्ही कुणी झुंज लावत नाही, लागली तर सोडवतो. तुरीचं नुकसान होतं आणि जनावरही अधू होतं. जनावरांना झुंजीला लावणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाच आहे. पण वळू कायदा वाचत नाही आणि गाई गावात आहेत तोवर हे चालायचं.

त्या बांधावर उभं असताना मला देलाक्र्वा आठवायला हवा होता. आठवलं अजिंठ्याचं पहिलं लेणं.

तिथे बोधिसत्त्व पद्मपाणी बघायला गर्दी असते, आणि असावीच. पण खांबाच्या वरच्या भागात, मान मोडेपर्यंत वर बघितल्याशिवाय न दिसणारी, दोन बैलांची टक्कर रंगवलेली आहे. पाचव्या शतकातलं काम. दोघांची डोकी खाली, कपाळं भिडलेली, पाठीची रेषा वशिंडापासून शेपटापर्यंत ताणलेली. या चित्राला कुठली जातककथा जोडायची गरज नाही. तिथे राजा नाही, देव नाही, पैज नाही. दोन बैल आहेत आणि त्यांचा जोर आहे. तो चित्रकार मुखेडसारख्याच एखाद्या बांधावर उभा राहिला असणार, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. त्याने खुरांवरचा भार आणि पाठीचा ताण ज्या खात्रीनं काढला आहे, ती पाहिल्याशिवाय येत नाही. हे लेणंही निजामाच्याच मुलखातलं. रॉबर्ट गिलनं 1840 च्या दशकापासून अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या नकला केल्या, लंडनला पाठवल्या, आणि त्यातल्या बहुतेक 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. चार वर्षांनी बोर्डोत देलाक्र्वाचं अर्धं चित्र जळालं. कॅनव्हास जळाले, लेण्यातले बैल राहिले.

देलाक्र्वाला हा बांध मिळाला नाही. 1832 साली तो मोरोक्कोला जाऊन आला, तिथले घोडे आणि स्वार त्यानं डोळे भरून पाहिले, पण सिंह-वाघ त्यानं अभ्यासले ते पॅरिसच्या वनस्पती उद्यानातल्या पिंजऱ्यात. 1828 साली तिथला एक सिंह मेला तेव्हा त्यानं शिल्पकार मित्र बारीला तातडीनं बोलावणं धाडलं, कारण मेलेल्या सिंहाचे स्नायू जवळून बघायची संधी वारंवार येत नाही. याच बारीनं 1831 च्या प्रदर्शनात घडियाल मगरीला फाडणारा वाघ मांडून लोकांना थक्क केलं. वाघ आणि घडियाल दोन्ही आपल्याकडचे, आणि त्यांची झुंज घडली ती पॅरिसच्या एका कार्यशाळेत. यात मला काही कमी दिसत नाही. पिंजऱ्यातलं थकलेलं जनावर बघून त्याच्यातला रानातला सिंह जागा करणं ही फार मोठी ताकद आहे.

आपल्याकडेही पिंजऱ्यातलं जनावर काढणारा एक मोठा चित्रकार होऊन गेला, आणि त्याचं नाव आपल्या घराघरांत असायला हवं होतं. गंगाराम चिंतामण तांबट. पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट होता, त्याच्यासाठी गंगारामनं चित्रं केली. वेरूळच्या लेण्यांची केली, आणि 1790 साली पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. झुंज नाही, झेप नाही. कातडीची घडी न् घडी, जाड पाय, बारीक डोळा. समोर जे उभं आहे ते पूर्ण आदरानं बघून कागदावर उतरवलेलं. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. युरोपात झुंजीची चित्रं गाजू लागली होती तो हाच काळ. पुण्यातला तांबट समाजातला हा माणूस मात्र जनावराला लढवत नाही, त्याला उभं राहू देतो. त्याची चित्रं एकत्र करून मराठीत एक देखणं पुस्तक निघावं, ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

दुसऱ्या दिवशी मुक्रमाबादवरून उदगीर गाठलं. इथेच 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं आणि तिथून वर्षाच्या आत पानिपत झालं. किल्ला पाहून दुपारची बीदरकडची गाडी पकडली. कमालनगर, भालकी. स्टेशनांच्या पाट्या कन्नडमध्ये, डब्यातलं बोलणं मराठीत. समोरच्या बाई लेकीकडे भालकीला निघाल्या होत्या, पिशवीत धपाटे होते, त्यातले दोन मला मिळाले.

गाडीत मी राजांनी लावलेल्या झुंजींचा विचार करत होतो. मराठी राज्यकर्त्यांना हा नाद होता. बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या वेळी हत्तींच्या झुंजी होत, लुई रूस्ले या फ्रेंच प्रवाशानं 1860 च्या दशकात त्या पाहून सचित्र लिहून ठेवलं. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या काळातली साठमारी अजून लोकांच्या बोलण्यात आहे. माजलेल्या हत्तीला चिडवायचं आणि तो अंगावर आला की बुरुजाच्या अरुंद दारातून निसटायचं. तिकडे जावामध्ये दरबारात वाघ आणि रेड्याची झुंज लावत. वाघ म्हणजे डच आणि रेडा म्हणजे आपण, असं लोक धरून चालत, आणि बहुधा रेडाच जिंकायचा. त्याच जावाचा रादेन सालेह 1829 साली हॉलंडला गेला, युरोपात रोमँटिक चित्रकार म्हणून नावारूपाला आला आणि सिंह-वाघांची थरारक चित्रं काढत राहिला. मला तो आपल्या जवळचा वाटतो. लहानपणी ज्या झुंजीत कोण कोण आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असायचं, ती पाहून मोठा झालेला माणूस परदेशात नुसत्या सिंहाचं चित्र काढतो, तेव्हा त्याच्या मनात काय असेल?

बीदरच्या किल्ल्यात शिरताना दुसरं दार लागतं ते शर्झा दरवाजा. त्यावरच्या लेखात 1503 साल आहे, महमूदशाह बहमनीची कारकीर्द. दर्शनी भिंतीवर दोन शार्दूल कोरले आहेत. दख्खनच्या किल्ल्यांवर हे जनावर अनेक रूपांत भेटतं, आणि बऱ्याचदा त्याच्या तावडीत हत्ती असतात. जंजिऱ्याच्या दारावर तर एका सिंहानं सहा हत्ती पकडलेत: चार पंजांत, एक तोंडात, एक शेपटीच्या वेटोळ्यात. हत्ती उंदराएवढे. शर्झाखाली उभं राहिल्यावर मला जे म्हणायचं होतं ते नीट उमगलं. दारावरची झुंज ही झुंज नसतेच. ती संपलेली असते. कोण जिंकलं हे दगड घडवायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि आत येणाऱ्यानं स्वतःला हत्ती समजावं एवढीच त्याची अपेक्षा. देवळानं तह दाखवला, किल्ल्यानं निकाल दाखवला. झुंज चालू असतानाची झुंज, जिच्यात पुढच्या क्षणी काय होईल हे चित्रकारालाही माहीत नाही, ती अजिंठ्याच्या बैलांत आहे आणि देलाक्र्वाच्या सिंहांत आहे. मध्ये जवळजवळ चौदाशे वर्षं आहेत, पण दोघांनी राजाला चित्राबाहेर ठेवलं. देलाक्र्वाच्या चित्रात शिकारी आहेत, पण तेही त्या गुंत्यात सापडलेले, कुणाचाही विजय नसलेले.

हे मनात घेऊन कलबुर्गीमार्गे विजयपूरला, म्हणजे जुन्या विजापूरला गेलो, कारण निकालाचं सर्वांत टोकाचं रूप तिथे शर्झा बुरुजावर ठेवलं आहे. मुलूखमैदान तोफ. 1549 साली अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी यानं ती ओतली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती. तिथून 1632 साली मुरार जगदेवानं विजापूरला नेली. वजन सुमारे 55 टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास, आणि तोंड म्हणजे सिंहाचा उघडा जबडा, दातांत चिरडला जाणारा हत्ती. तोफ डागली की त्या जबड्यातूनच आग निघायची. 1686 मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबानं तिच्यावर आपला लेख कोरवला, म्हणजे सिंहाचा मालक बदलला, हत्ती तिथेच राहिला. 1854 साली इंग्रजांनी ती भंगारात काढली होती, बोली दीडशे रुपयांवर थांबली आणि लिलाव रद्द झाला, म्हणून ती आज आहे. लोक तिच्यावर हात ठेवून मनातली इच्छा बोलतात. मी जवळ जाऊन हत्तीच पाहत राहिलो. दातांमध्ये आवळलेला तो लहानसा जीव ओतणाऱ्यानं फार बारकाईनं केला आहे. ज्या सुलतानाला सिंह हवा होता त्याच्या कारागिराचं मन हत्तीवरही जडलेलं असावं, असं मला वाटलं.

विजयपूरच्या बसस्थानकावरून मुखेडला मामांना फोन लावला. आता अजिंठ्याला जायचं आहे आणि त्यांना बरोबर न्यायचं आहे. पहिल्या लेण्यातला तो खांब मी त्यांना दाखवणार आहे. कलेच्या पुस्तकांत त्या चित्राची रेषा, रंग, काळ यांवर लिहिलेलं मी वाचलं आहे, पण मामांना जे दिसेल ते त्यात नाही. दोघांचे कान, शेपट्या, मागच्या पायांवरचा भार बघून त्यांनी मला सांगायचं आहे की या दोघांतला पळणार कोण. “येतो की,” मामा म्हणाले, “पर हरभऱ्याला पाणी देऊन.”